चोरीची सायकल आणि बिनपावतीचे गिऱ्हाईक

चोरीचा धंदा चोरामुळे नव्हे, गिऱ्हाइकामुळे चालतो. कापडाच्या व्यापारात आयुष्य घालवल्यावर आम्ही हे ठामपणे सांगू शकतो. युरोपातील सायकलचोरीचा हिशेब पाहिला की हीच गोष्ट साफ दिसते.

हॉलंडची लोकसंख्या सुमारे एक कोटी ऐंशी लाख, आणि सायकली मात्र सव्वादोन कोटींच्या वर! शेजारच्या जर्मनीत २०१९ या एका वर्षात पोलिसांकडे पावणेतीन लाखांहून अधिक सायकलचोऱ्या नोंदल्या गेल्या. दहांपैकी जेमतेम एका चोरीचा छडा लागला.

हा माल जातो कुठे? त्याच्या वाटा दोन. अ‍ॅमस्टरडॅममध्ये २०२१ साली संशोधकांनी शंभर जुन्या सायकलींत माग काढणारी छोटी यंत्रे लपवली. त्यांतील सत्तर चोरीला गेल्या, पण शहराच्या परिसराबाहेर गेल्या फक्त दोन. म्हणजे स्वस्त माल गावातच खपतो.

महाग माल मात्र सरहद्द ओलांडतो. दोन-तीन हजार युरोंच्या विजेवर चालणाऱ्या सायकली रातोरात व्हॅनमध्ये भरून पूर्वेकडच्या देशांत नेल्या जातात. मार्च १९९५ मध्ये सात देशांनी आपसांतील सरहद्दीवरची नेहमीची तपासणी उठवली. डिसेंबर २००७ मध्ये पोलंड, लिथुआनियासारखे देशही त्यात आले. प्रामाणिक व्यापाऱ्याची सोय झाली, तशी चोराचीही झाली.

कायदाही देशोदेशी वेगळा. जर्मनीत चोरीची वस्तू नकळत विकत घेतली तरी घेणारा मालक होत नाही. हॉलंडमध्ये मूळ मालक तीन वर्षांपर्यंत ती परत मागू शकतो. पण सामान्य गिऱ्हाइकाने रीतसर दुकानातून, संशय न येता घेतली असेल तर ती त्याच्याकडेच राहते.

उपाय काय? कापडाच्या थानाच्या काठावर गिरणीचा शिक्का असतो. तो काठ कापला की माल कुठला, हे कोण सांगणार? सायकलीच्या सांगाड्यावरचा नंबर म्हणजे हाच शिक्का, आणि चोर आधी तोच घासून काढतो. डेन्मार्कमध्ये १९४० च्या दशकापासून हा नंबर सक्तीचा आहे. फ्रान्सने जानेवारी २०२१ पासून दुकानातील प्रत्येक नव्या सायकलीवर ओळखक्रमांक आणि त्याची नोंद बंधनकारक केली. बेल्जियमने २०२३ मध्ये नोंदणी सुरू केली, पण ती ऐच्छिक आहे. अडचण अशी की प्रत्येक देशाची वही वेगळी, आणि माल फिरतो सगळीकडे.

तेव्हा शेवटचा पहारा गिऱ्हाइकाचाच. नंबर घासलेला, पावती नाही, भाव निम्म्याहून कमी आणि विकणाऱ्याला घाई, अशा सौद्यापुढे हात आखडावा. वाचकहो, माल सायकलीचा असो की कापडाचा, पावती मागण्यात संकोच कसला? स्वस्तात मिळालेल्या त्या मालाची पूर्ण किंमत दुसऱ्याच कोणीतरी मोजलेली असते.