गावठाणातील घर : आपली जागा आणि गावाची जागा

गावठाण
गावाच्या हद्दीत वस्तीसाठी राखलेली जमीन म्हणजे गावठाण. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १२२ नुसार त्याची हद्द जिल्हाधिकारी ठरवतात. शेताला सातबारा असतो, गावठाणातील घराला नसतो. त्यामुळे शेत कोणाचे हे तलाठ्याच्या दप्तरात सापडते. घर कोणाचे, हे मात्र अनेक पिढ्या वहिवाट आणि शेजाऱ्यांची साक्ष यांवरच ठरत आले.

नमुना आठ
ग्रामपंचायतीच्या या उताऱ्यावर घरमालक म्हणून नाव असते आणि बहुतेकांना तोच मालकीचा कागद वाटतो. वास्तविक ती कर आकारणीची नोंदवही आहे. घरपट्टी कोणी भरायची एवढेच ती सांगते. मालकी सिद्ध करत नाही.

सामाईक भाग
गल्ल्या, रस्ते, ओढे, कोणाच्याही मालकीची नसलेली जमीन संहितेच्या कलम २० नुसार शासनाची. गायरान गुरांसाठी राखलेले. घराचा उपयोग याच जागांवर टिकतो : वाट गल्लीतून, सांडपाणी नालीतून. म्हणून गल्लीत पुढे आलेला ओटा शेजाऱ्याइतकाच स्वतःच्या घराचाही रस्ता अडवतो. गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याचे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सर्व राज्यांना दिले.

ड्रोन आणि चुना
गावठाणातील घरांची ड्रोनने मोजणी करून मालकीची नोंद देणारी केंद्राची स्वामित्व योजना २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झाली. त्याआधीच पुरंदर तालुक्यातील सोनोरी येथे महाराष्ट्राने गावठाणाची ड्रोन मोजणी करून पाहिली होती. शिरूर कासार परिसरासह मराठवाड्यातील जुन्या वस्तीत माळवदाची, म्हणजे मातीच्या सपाट छताची, घरे एकमेकांना चिकटून असतात आणि दोन घरांत बहुधा एकच भिंत असते. वरून पाहिल्यास सगळी एकच माती दिसते. म्हणून उड्डाणापूर्वी मालकांच्या उपस्थितीत चुन्याने हद्द आखतात. ही आखणीच कामाचा गाभा आहे, कारण ड्रोनमधून दिसते ते छप्पर. हक्क जमिनीवर शेजाऱ्यांसमोरच ठरतो. त्यानंतर चौकशी, हरकती आणि शेवटी सनद व मिळकत पत्रिका. या पत्रिकेवर बँकेकडून कर्ज मागता येते.

मर्यादा
पत्रिका भावांमधील वाटणीचा वाद सोडवत नाही. तो दिवाणी न्यायालयाचा विषय. मालकाच्या मृत्यूनंतर वारसांची नोंद करावीच लागते. योजना ग्रामीण वस्त्यांपुरती आहे. शिरूर कासार आता नगरपंचायत असल्याने तेथे घरपट्टीची नोंद नगरपंचायतीकडे असते. घरपट्टी भरल्याची पावती तेथेही मालकीचा पुरावा ठरत नाही.