वरचा रे आणि करंगळी

शहापूर-मुरबाडकडच्या आमच्या गायन पार्टीत पेटी होती, ढोलकी होती; गिटार नव्हती. एक जुनी गिटार आली, तेव्हा जाणते म्हणाले, "हे कॉलेजच्या पोरांचं काम." ती हातात घेतली एका कामगार आईच्या नववीतल्या मुलीने. तिच्याबरोबर आम्हीही शिकायला बसलो.

पेटी जाणणाऱ्यास 'ॲड नाइन' कॉर्ड अवघड नाही. पांढरी एक हा 'सा' धरा. सा, ग, प मिळून 'सी' कॉर्ड होते. तीत वरच्या सप्तकातला रे मिळवा. सा पासून मोजता तो नववा सूर, म्हणून हे नाव. नुसत्या 'नाइन' कॉर्डमध्ये कोमल नीही असतो. इथे तो नसतो.

गिटारची सर्वांत बारीक तार पहिली. साधी 'सी' अशी धरा : अनामिका पाचव्या तारेवर तिसऱ्या पडद्यात, मधले बोट चौथ्या तारेवर दुसऱ्यात, तर्जनी दुसऱ्या तारेवर पहिल्यात. आता तर्जनी उचला आणि त्याच तारेवर तिसऱ्या पडद्यात करंगळी दाबा. सहावी जाड तार वाजवू नका.

मुलीची करंगळी पोचेना. तार खडखडे, बोटे दुखत. रोज दहा मिनिटे ती एकेक तार छेडून पाही. तिसऱ्या आठवड्यात पाचही तारा स्वच्छ बोलल्या. जाणत्यांनी पेटीवर सा धरला आणि म्हणाले, "पुन्हा वाजव, पोरी."

पालकांनो, घरात मूल बेसूर वाजवू लागले तर ओरडू नका. करंगळीला थोडा वेळ लागतो.