अक्षम्य पाप म्हणजे काय?

पापाला प्रायश्चित्त असते, ही समजूत आपल्या अंगवळणी पडलेली आहे. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमधील चहापानाला हजर राहिल्याबद्दल टिळक, रानडे आदी मंडळींवर ग्रामण्य झाले आणि १८९२ मध्ये रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले. अशा परंपरेतला वाचक मराठी शुभवर्तमान वाचू लागला, की एका वचनापाशी अडखळतो. माणसांच्या सर्व पापांना क्षमा आहे, पण पवित्र आत्म्याच्या निंदेला नाही, असे येशू तेथे सांगतो. ज्याने वधस्तंभावरून आपल्या मारेकऱ्यांसाठी क्षमा मागितली, त्याच्याच तोंडी हे कठोर वचन कसे?

प्रथम प्रसंग पाहू. मत्तयाच्या बाराव्या अध्यायात येशू एका आंधळ्या व मुक्या माणसाला बरे करतो. परूशी हे डोळ्यांनी पाहतात. नाकारता येत नाही, म्हणून ते म्हणतात, ‘हा भुतांच्या अधिपतीच्या बळावर भुते काढतो.’ त्यावर हे वचन आले आहे. आपल्याविरुद्ध कोणी बोलला तर त्याला क्षमा आहे, हेही येशू तेथेच सांगतो. तेव्हा रागाच्या भरात निघालेल्या एखाद्या शब्दाविषयी हे वचन नाही. पेत्राने तर येशूला तीनदा नाकारले, तरी तो अव्हेरला गेला नाही.

येशूचे हे श्रोते यहुदी होते. आमच्या पनवेलीत १८४९ साली बांधलेले बेथ एल सिनेगॉग आहे. त्यामुळे बेने इस्राएल मंडळींचा प्रायश्चित्तदिनाचा उपवास आपल्याला परका नाही. त्या दिवसाविषयी यहुदी धर्मशास्त्र सांगते, की देवाचा अपराध या दिवशी फिटतो, पण शेजाऱ्याचा अपराध शेजाऱ्याची समजूत घातल्यावाचून फिटत नाही. म्हणजे क्षमा कितीही मोठी असली, तरी माणसाने तिच्याकडे वळावे लागते.

ख्रिस्ती आचार्यांनी हेच सूत्र धरले. पाचव्या शतकातील संत ऑगस्टीनच्या मते अक्षम्य पाप म्हणजे अखेरच्या श्वासापर्यंत पश्चात्ताप नाकारणे. तेराव्या शतकातील थॉमस अक्वायनसने निराशा, हटवादीपणा आणि कळलेल्या सत्याला विरोध यांची गणना त्यात केली. रोग्याने औषधच थुंकून टाकले, तर दोष वैद्याचा नव्हे. दार आतून लावलेले असते.

या वचनाने भाविकांना फार छळले आहे. हरि केशवजींनी १८४१ मध्ये ‘यात्रिकक्रमण’ या नावाने जॉन बन्यनचा ग्रंथ मराठीत आणला. त्यात लोखंडी पिंजऱ्यात बसलेला एक हताश माणूस भेटतो. आपल्याला आता पश्चात्तापही करता येत नाही, असे तो म्हणतो. खुद्द बन्यन अनेक दिवस याच भीतीने पोळला होता, हे त्याने १६६६ च्या आत्मकथनात लिहून ठेवले आहे. पाळकांचे अशांना उत्तर ठरलेले असते: ज्याला हे पाप आपल्या हातून घडले की काय अशी तळमळ लागते, त्याच्या हातून ते घडलेले नाही. तळमळ हीच जिवंतपणाची खूण.

ख्रिस्ती नसलेल्यांनीही यातून एक गोष्ट घ्यावी, असे आम्हांस वाटते. विरोधकाच्या हातून चांगले घडलेले दिसत असता, केवळ तो विरोधक म्हणून त्या चांगल्याला वाईट म्हणण्याची सवय आपल्यालाही आहे. एकदा म्हटले तर चूक सुधारते. म्हणतच राहिले, तर पुढे चांगले ओळखताच येत नाही. मग क्षमा मागायची कोणाकडे आणि कशाची?