हवेचं भाडं

दुकानातला कपड्यांचा लोखंडी रॅक बघा. दांडे, चार फळ्या, बाकी सगळी पोकळी. अमेरिकेत असा रॅक इतरांच्या मालाबरोबर एकाच ट्रकमधून पाठवायचा, तर भाडं या पोकळीवरही लागतं.

तिथे मालाचे 18 वर्ग आहेत, 50 ते 500. आकडा जितका मोठा, तितकं भाडं चढं. वर्ग ठरवताना घनता, हाताळणी, रचण्यातली सोय आणि नुकसानीची जोखीम बघतात. 2025च्या जुलैपासून घनतेची 13 टप्प्यांची मोजपट्टी आली आणि बऱ्याच मालाचा वर्ग आता तिच्यावरूनच ठरतो.

हिशेब करू. पॅलेटसकट 156 पौंडांचा उभा रॅक, 4 बाय 2 बाय 6 फूट, म्हणजे 48 घनफूट. घनता घनफुटाला सव्वातीन पौंड, वर्ग 250. तोच सुटा करून 6 बाय 2 फुटांत आडवा रचला आणि उंची 1 फुटावर आणली, तर 12 घनफूट. घनता 13, वर्ग थेट 85! वजन तेच, स्क्रूही तेच. गेली ती फक्त हवा.

मापं बाहेरच्या टोकापासून टोकापर्यंत घेतात, म्हणून पॅलेटबाहेर डोकावणारा एखादा हुकही महागात पडतो. माल डेपोत पुन्हा मोजला जातो. कागदावरचा वर्ग चुकला तर फरकाबरोबर दंडही येतो. सुट्या भागांमध्ये पुठ्ठा, कोपऱ्यांना संरक्षक पट्ट्या, वर घट्ट प्लॅस्टिक आणि स्क्रूंची पिशवी फळीलाच बांधलेली हवी. काचेचं शोकेस मात्र लाकडी खोक्यातच बरं. तिथे पुठ्ठ्यावर भागवणं म्हणजे शुद्ध चिक्कूपणा.