खुर्ची बदलली, किल्ल्या तशाच

माणूस नोकरी सोडून गेला की त्याचं खातं बंद करायचं, एवढं बहुतेक कार्यालयांना आता कळतं. गोची होते ती अंतर्गत बदली झालेल्यांची. स्टोअरमधला कारकून लेखा विभागात येतो, त्याला बिलं मंजूर करण्याचा अधिकार मिळतो. खरेदीची ऑर्डर काढण्याचा जुना अधिकार मात्र कुणी काढून घेत नाही. ऑर्डरही त्याचीच, मंजुरीही त्याचीच! ऑडिटर नेमकं इथेच बोट ठेवतात.

सोडून गेलेल्याचं खातंही घाईने डिलीट करू नये. विंडोजच्या अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत प्रत्येक खात्याला आतला एक ओळख क्रमांक असतो. त्याच नावाने नवं खातं काढलं तरी क्रमांक वेगळा पडतो आणि जुने अधिकार लागू होत नाहीत. म्हणून आधी निष्क्रिय करावं, फायली-ईमेल नव्या माणसाकडे सोपवावेत, मगच पुसावं. मायक्रोसॉफ्ट ३६५मध्ये पुसलेलं खातं ३० दिवसांपर्यंत परत आणता येतं. नुसतं लॉगिन रोखल्याने मात्र परवाना मोकळा होत नाही. बिल चालूच राहतं, आणि हे अनेकांच्या गावीही नसतं.

जुनं खातं उघडं राहिलं की काय होतं ते पाहा. मे २०२१मध्ये सायबर हल्ल्यामुळे अमेरिकेतल्या कोलोनियल कंपनीला आपली इंधनाची पाइपलाइन काही दिवस बंद ठेवावी लागली. हल्लेखोर शिरले ते कुणी वापरत नसलेल्या, पण बंदही न केलेल्या एका व्हीपीएन खात्यातून. पासवर्ड फुटलेला, ओटीपीसारखी दुसरी पडताळणी नाही. कंपनीने ७५ बिटकॉइन, म्हणजे तेव्हाचे सुमारे ४४ लाख डॉलर, खंडणी मोजली.