डिस्क गेली, लाइन चालू!

कारखान्यात रात्रपाळीला एखादं मशीन बंद पडलं, तर सगळ्यांना कळतं. आवाज थांबतो, सुपरवायझर धावत येतो. सर्व्हरमधली हार्ड डिस्क बंद पडते तेव्हा मात्र कुणालाच पत्ता नसतो. चलनं निघत राहतात, ट्रक गेटबाहेर पडत राहतात. सर्व्हरवर एक छोटा दिवा तेवढा हिरव्याचा पिवळा झालेला असतो. तो दिवा बघणारा आणि पुढे काय करायचं हे माहीत असलेला माणूस भोसरी, तळवडे, महाळुंगे, चाकण या पट्ट्याला कायम लागतो. उद्या तो माणूस तुम्ही असू शकता!

आरसा कसा चालतो?

डिस्क जाऊनही काम थांबत नाही, कारण सर्व्हरमध्ये एकाऐवजी दोन डिस्क असतात. जे पहिलीवर लिहिलं जातं, तेच त्याच क्षणी दुसरीवरही. याला म्हणतात मिररिंग, किंवा 'रेड-वन'. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठातल्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी १९८८ मध्ये मांडलेल्या शोधनिबंधातून 'रेड' हे नाव रूढ झालं. कल्पना साधी : एका महागड्या डिस्कवर विसंबण्यापेक्षा अनेक स्वस्त डिस्क एकत्र बांधा, म्हणजे एक गेली तरी बाकीच्या सांभाळून घेतील.

पण एक डिस्क गेली की सर्व्हर एका पायावर उभा असतो, हे विसरू नका. दोन्ही डिस्क बहुतेक वेळा एकाच दिवशी, एकाच लॉटमधून घेतलेल्या असतात. दोघींनी उष्णता, धूळ आणि शेजारच्या प्रेस शॉपचे हादरे सारखेच सोसलेले असतात. पहिली गेली म्हणजे दुसरीचंही वय झालंय!

घाई केली की झोल

म्हणून पहिलं काम स्क्रू ड्रायव्हर शोधणं नाही. आधी ताजा बॅकअप घ्या, आणि तो खरंच उघडतोय का ते बघा.

मग मेलेली डिस्क ओळखा. सगळ्यात मोठी चूक इथेच होते. सॉफ्टवेअर डिस्क शून्यापासून मोजतं, आपण एकपासून. 'दुसरी खराब आहे' असं ऐकून भलतीच डिस्क ओढली, तर उरलेली एकुलती एक चांगली डिस्क तुमच्या हातात आणि सर्व्हर बंद! त्यामुळे सिरियल नंबर कागदावर लिहा आणि डिस्कच्या लेबलशी जुळवा. नंबर जुळला तरच हात लावा.

नवी डिस्क जुनीएवढीच किंवा थोडी मोठी हवी. दोन कंपन्यांच्या '४ टीबी' डिस्कमध्येही किंचित फरक असू शकतो, आणि नवी जरा जरी लहान निघाली तरी सर्व्हर ती नाकारतो. चालू सर्व्हरमध्ये डिस्क बदलण्याची सोय नसेल, तर मशीन रीतसर बंद करूनच बदला.

यानंतर सुरू होतं 'रिबिल्ड'. चांगल्या डिस्कवरचं सगळं नवीवर उतरवलं जातं. सेकंदाला १५० एमबी वेग धरला, तर ४ टीबीला साधारण साडेसात तास लागतात, म्हणजे जवळपास एक अख्खी शिफ्ट. त्यात सर्व्हरवर रोजचं काम चालू असेल, तर आणखी जास्त.

'गुरुवारी बघू'

आपल्याकडे बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. त्यामुळे सोमवारी दिवा पिवळा झाला की 'गुरुवारी निवांत बदलू' असं सहज तोंडातून निघतं. पण ते तीन दिवस सर्व्हर एका पायावर! शिवाय महावितरणची दुरुस्तीची कामंही बहुधा गुरुवारीच असतात. रिबिल्ड अर्ध्यावर असताना लाइट गेली आणि यूपीएस दमलेला असला, तर टेन्शन दुप्पट. शहाणी कंपनी जादा डिस्क कपाटात आधीच आणून ठेवते.

आरसा म्हणजे बॅकअप नव्हे

आरसा समोर जे असेल तेच दाखवतो. चुकून फाइल डिलीट केली तर ती दोन्हीकडून जाते. व्हायरसने डेटा कुलूपबंद केला तरी दोन्हीकडे.

२९ ऑगस्ट २०२३ रोजी टोयोटाचे जपानमधले १४ कारखाने थांबले. सायबर हल्ला वगैरे काही नव्हता. पार्ट्सच्या ऑर्डरी सांभाळणाऱ्या सर्व्हरवर देखभालीच्या वेळी डिस्कची जागा कमी पडली होती. बॅकअप सर्व्हरही त्याच सिस्टिमवर, त्यामुळे तिथेही तेच झालं! पार्ट वेळेवर आला तरच गाडी बनते, हा हिशोब चाकणलाही चांगलाच ठाऊक आहे.

आणि जून २०१७ मध्ये 'नॉटपेट्या' व्हायरसने मर्स्क या जहाज कंपनीला गाठलं, तेव्हा आपल्या जेएनपीटीमधल्या एका टर्मिनलचं कामही कोलमडलं. कंपनीच्या नेटवर्कचा ताळेबंद ठेवणारे सर्व्हर जगभर एकमेकांच्या प्रती सांभाळत होते, तेही सगळे पुसले गेले. वाचला फक्त घानामधला एक. का? तिथली लाइट गेली होती, म्हणून तो बंद होता! म्हणून निदान एक प्रत अशी ठेवा, जी कुठल्याच वायरला जोडलेली नाही.

हात बसवा

हे शिकायला सर्व्हर विकत घ्यायची गरज नाही. लॅपटॉपवर मोफत मिळणारं व्हर्च्युअलबॉक्स टाका, त्यात लिनक्स चढवा आणि एक-एक जीबीच्या दोन खोट्या डिस्क जोडा. 'एमडीएडीएम' या टूलने मिरर बनवा, त्यात चार फोटो ठेवा. मग मशीन बंद करून एक डिस्क बेधडक काढून टाका आणि पुन्हा सुरू करा. स्टेटसमध्ये दोन 'यू'ऐवजी एक 'यू' आणि एक अंडरस्कोअर दिसेल. ती रिकामी जागा म्हणजे तुमचा पिवळा दिवा. नवी डिस्क जोडा, टक्केवारी चढताना बघा, फोटो उघडतात का तपासा. मग मुद्दाम चुकीची डिस्क काढून बघा. इथे चुकलात तर फुकटात शिकाल. कारखान्यात तीच चूक केलीत तर ट्रक गेटवर उभे राहतील.