वंगण सरलं म्हणता? मग उठा, चाला!

सांधेदुखी आणि हालचाल यांच्याबद्दलच्या १५ चटपटीत गोष्टी, घाटावरच्या आणि घाटाखालच्या वाचकांसाठी

बुलढाणा जिल्ह्याचे दोन भाग लोकांच्या तोंडी कायमचे बसलेत. घाटावर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा. घाटाखाली खामगाव, शेगाव, नांदुरा, मलकापूर, मोताळा, जळगाव जामोद, संग्रामपूर. पीक वेगळं, हवा वेगळी, पण तेराही तालुक्यांत एक वाक्य सारखंच ऐकू येतं: "गुडघ्यातलं वंगण सरलं, बाप्पा!" त्यावर घरच्यांचा सल्लाही ठरलेला: "मग बसून राय."

हा सल्ला मायेपोटी दिलेला असतो. सांध्याला मात्र तो मानवत नाही. कसा, ते बघू.

१. वंगण पोहोचतं हालचालीनेच
हाडांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो आणि मोठ्या माणसाच्या या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. मग तिचं पोट भरतं कसं? भिजलेला कापसाचा बोळा आठवा. दाबला की पाणी बाहेर, सोडला की पुन्हा आत. पाऊल टेकलं की कूर्चा दाबली जाते, उचललं की ती सांध्यातल्या द्रवातून पोषण ओढून घेते. दिवसभर पाय न हलवता बसणारा माणूस आपल्या कूर्चेला उपाशी ठेवतो.

२. नाव एक, आजार शंभरावर
आपण सरसकट 'वात' म्हणतो, पण सांध्यांचे आजार शंभराहून अधिक प्रकारचे आहेत. वयाबरोबर येणारी सांध्यांची झीज वेगळी; शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते तो आमवात वेगळा; युरिक ॲसिडचे खडे साचून पायाचा अंगठा रात्रीत लाल करणारा गाऊट आणखी वेगळा. सकाळी उठल्यावर एक ढोबळ खूण मिळते. सांधे अर्ध्या तासाच्या आत मोकळे झाले तर बहुधा झीज. तासभर आखडलेलेच राहिले, बोटांची पेरं सुजली, तर आमवाताची शंका घेऊन डॉक्टर गाठायचे. आमवातात गोळ्या लवकर सुरू होणं फार मोलाचं असतं. व्यायाम त्या गोळ्यांच्या जोडीला करायचा, त्या बंद करून नव्हे.

३. जगाला माहीत असलेलं भिगवण
उजनीच्या पाण्यावर उतरणाऱ्या रोहित पक्ष्यांसाठी आपण भिगवणला ओळखतो. सांधेदुखीचे अभ्यासक त्याला वेगळ्या कारणाने ओळखतात. पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रा यांच्या चमूने १९९६ मध्ये या गावात घरोघरी जाऊन सांधेदुखीची पाहणी सुरू केली. ४,०९२ प्रौढांपैकी १८.२ टक्के लोकांना हाडं, सांधे किंवा स्नायूंचा त्रास होता, म्हणजे साधारण दर साडेपाच माणसांमागे एकाला. आमवात निघाला दर २०० जणांत एकाला. सांधेदुखी हा शहरातल्या बसक्या लोकांचा रोग आहे, हा समज या एका गावाने मोडीत काढला.

४. कष्ट म्हणजे व्यायाम नव्हे
"शेतात मरमर राबतो, वेगळा व्यायाम कशाला?" हा प्रश्न रास्त आहे, म्हणून इथे जरा थांबू. सोयाबीनची सोंगणी आठवा. विळा हातात, गुडघे पूर्ण दुमडलेले, उकिडवं बसून पुढे पुढे सरकायचं, तासन्‌तास. निंदण तसंच. कापूस वेचताना कंबर वाकलेली आणि पाठीवर ओटीचं ओझं. यात एकाच सांध्यावर, एकाच कोनात, पुन्हा पुन्हा भार पडतो. बीजिंगमधल्या वृद्धांच्या एका पाहणीत तरुणपणी रोज तीन तासांहून जास्त उकिडवं बसलेल्यांमध्ये गुडघ्याच्या झिजेची शक्यता सुमारे दुप्पट आढळली.

व्यायामाचं काम वेगळं आहे. मांडीच्या पुढचा स्नायू गुडघ्याचा भार झेलतो. गुडघा दुखला की हाच स्नायू आखडता हात घेतो, दुबळा होतो, मग दुखणं वाढतं. हे चक्र उलटं फिरवायचं तर त्या स्नायूला मोजून-मापून बळ द्यावं लागतं. दिवसभराच्या कष्टाने थकवा येतो, हे बळ येईलच असं नाही. म्हणून राबणाऱ्या बाईला दहा मिनिटांच्या व्यायामाची गरज खुर्चीत बसणाऱ्या बाबूइतकीच आहे. सोंगणीत दर अर्ध्या तासाने उभं राहणं, पाय झटकणं, शक्य तिथे बसायला छोटा पाट किंवा स्टूल घेणं हीसुद्धा औषधंच.

५. शेगावची वाट
गजानन महाराजांची पालखी दरवर्षी शेगावहून पंढरपूरला पायी जाते. सुमारे सातशे किलोमीटरचा, महिन्याभराचा हा प्रवास. परतीचा शेवटचा टप्पा खामगाव ते शेगाव, आणि त्या दिवशी अवघा परिसर पालखीसोबत चालतो. हे अंतर १५ किलोमीटरहून जास्त, म्हणजे २० हजारांच्या वर पावलं. दुखऱ्या गुडघ्यांनाही हे जमू शकतं, अट एकच: तयारी आदल्या रात्री नाही, दोन-तीन महिने आधी सुरू करायची. आठवडाभर रोज पंधरा मिनिटं, मग वीस, मग तीस. सांध्याला वाढ चालते, धक्का चालत नाही.

६. किती जोरात चालायचं?
यंत्र नको, घड्याळ नको. चालताना बोलता येतंय, पण गाणं म्हणायला दम पुरत नाही, म्हणजे गती मध्यम आणि नेमकी. वाक्यही पुरं होत नसेल तर जरा हळू. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० चा सल्ला आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं अशा मध्यम हालचालीचा आहे, आणि तो जुनाट आजार असलेल्यांनाही लागू आहे. १५० मिनिटं म्हणजे आठवड्यातले पाच दिवस, रोज अर्धा तास. तोही तीन तुकड्यांत चालतो.

७. दहा हजार पावलं आली कुठून?
जपानमधून. १९६५ मध्ये तिथे पावलं मोजणारं एक यंत्र बाजारात आलं, त्याच्या नावाचाच अर्थ 'दहा हजार पावलांचं मीटर'. आकडा जाहिरातीचा, वैद्यकाचा नाही. गुडघ्याची झीज असलेल्या किंवा तिचा धोका असलेल्या लोकांवरच्या २०१४ च्या अभ्यासात रोज सुमारे ६,००० पावलं चालणाऱ्यांची पुढच्या दोन वर्षांत हिंडण्या-फिरण्याची ताकद चांगली टिकली. सहा हजारांत भाजी आणणं, अंगण, पाण्याच्या फेऱ्या, सगळं धरायचं.

८. एक किलो घटवा, चार किलो उतरवा
अमेरिकेतल्या २००५ च्या एका अभ्यासाचा हिशेब असा: वजन १ किलो कमी झालं की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे ४ किलोंनी घटतो. आता कापसाच्या भाषेत मांडू. ५ किलो वजन उतरलं तर पावलामागे २० किलो. दिवसाला ५,००० पावलं धरली तर एक लाख किलो, म्हणजे हजार क्विंटल! एवढा भार दोन्ही गुडघे मिळून रोज वाचवतात.

९. लोणारचं गणित: चढ दमवतो, उतार दुखवतो
लोणारच्या विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर, म्हणजे काठाकाठाने फेरी साधारण साडेपाच-सहा किलोमीटरची. तळ्याशी जायचं तर शंभर मीटरहून जास्त खाली उतरावं लागतं. कृत्रिम गुडघ्यात मोजमापाची यंत्रं बसवून केलेल्या पाहणीत सपाटीवर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट, पायऱ्या चढताना तिपटीहून थोडा जास्त आणि उतरताना जवळपास साडेतीन पट भार दिसला. म्हणून दुखऱ्या गुडघ्यांनी उतरताना घाई करू नये, कठडा धरावा. काठावरून तळं बघत सपाट वाटेने फिरणं हाही उत्तम व्यायाम आहे.

१०. भेंडवळची मांडणी आणि आजीचा गुडघा
जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय तृतीयेला घटाभोवती धान्यं मांडतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाऊस-पिकाचं भाकीत सांगतात. घरोघरी असंच भाकीत आजीचा गुडघा करतो: "आज पाणी येते." शास्त्र काय म्हणतं? अमेरिकेत एक कोटीहून जास्त दवाखाना-भेटी तपासल्या, तेव्हा पावसाच्या दिवशी सांधे-पाठदुखीचे रुग्ण वाढलेले दिसले नाहीत. २०१९ च्या एका ब्रिटिश अभ्यासात मात्र दमट हवा आणि हवेचा कमी दाब यांचा दुखण्याशी थोडा संबंध आढळला. दोन्हींतून घ्यायचं ते असं: आभाळ भरलं तर फिरणं ओसरीत हलवा, बंद करू नका.

११. पळून गुडघे झिजतात का?
भरतीची तयारी करणारी पोरं पहाटेच्या अंधारात डांबरी रस्त्यावर धावताना आपल्याकडे रोज दिसतात. २०१७ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा हौसेने धावणाऱ्यांपैकी ३.५ टक्क्यांत खुब्याची किंवा गुडघ्याची झीज होती. न धावणाऱ्या, बसून राहणाऱ्यांत १०.२ टक्के. स्पर्धेच्या पातळीवर वर्षानुवर्षं धावणाऱ्यांत मात्र प्रमाण वाढलेलं होतं. मापात धावणं हा गुडघ्याचा शत्रू नाही.

१२. आमवात आणि जोरकस व्यायाम
पूर्वी आमवाताच्या रुग्णाला 'जपून' एवढंच सांगत. नेदरलँड्समध्ये तीनशेहून जास्त रुग्णांवर दोन वर्षं प्रयोग झाला. निम्मे जण आठवड्यातून दोनदा, सव्वा-सव्वा तास चांगला घाम गाळत होते. २००३ च्या निष्कर्षांत त्यांची कामाची ताकद वाढलेली दिसली आणि बहुतेकांच्या मोठ्या सांध्यांची जास्त हानी झालेली नव्हती. ज्यांचे सांधे आधीच फार खराब होते, त्यांना मात्र जपायचा इशाराही त्यात होता. २०१८ मध्ये युरोपातल्या तज्ज्ञ संघटनेने शारीरिक हालचाल हा सांधेविकाराच्या नेहमीच्या उपचाराचाच भाग आहे, असं ठरवून टाकलं.

१३. चेंडू झेलणारा चित्रकार
फ्रान्सचे थोर चित्रकार ओग्युस्त रेन्वार यांना पन्नाशीच्या आसपास आमवाताने गाठलं. बोटं वाकडी झाली, तरी १९१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते रंगवत राहिले. हात मोकळे राहावेत म्हणून ते छोटे चेंडू हवेत उडवून झेलत. आपल्याकडे हेच काम कणीक मळणं, ओल्या फडक्याचा बोळा दाबणं, सागरगोटे खेळणं यांनी होतं.

१४. बोटं मोडली की संधिवात?
डोनाल्ड उंगर या अमेरिकी डॉक्टरांनी पन्नासहून जास्त वर्षं फक्त डाव्या हाताची बोटं रोज मोडली, उजव्याची नाही. शेवटी संधिवात कुठल्याच हातात नव्हता. २००९ मध्ये त्यांना हसवून विचार करायला लावणारं इग नोबेल मिळालं. एका माणसाचा प्रयोग म्हणजे पुरावा नव्हे, पण नातवाची बोटं कटकट वाजली म्हणून आजीने घाबरायचं कारण नाही.

१५. बार्शीचा ताप, आफ्रिकेचा शब्द
'चिकुनगुन्या' हा शब्द टांझानियातल्या माकोंडे भाषेतला. त्याचा रोख दुखण्याने वाकून गेलेल्या माणसाकडे. १९७३ मध्ये ही साथ बार्शीत आली, मग तीसेक वर्षं गायब झाली आणि २००६ मध्ये राज्यभर पसरली. ताप आठवड्यात उतरतो, सांधे मात्र काहींना महिनोन्‌महिने छळतात. ताप असताना विश्रांती. तो उतरला की अंथरुणातूनच बोटं, घोटे, गुडघे हळूहळू हलवायला लागायचं.

आजच करून बघा
• खाटेवर पाय सोडून बसा. एक पाय सरळ करा, मांडी ताठ, पाच अंक मोजा, खाली. दहा वेळा; मग दुसरा.
• खुर्चीवरून हात न टेकता उठा-बसा, जमेल तितक्या वेळा. खुर्ची भिंतीला टेकवलेली असू द्या.
• झोपून गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवा आणि गुडघ्याने तो दाबा.
• काठी घ्यायची तर दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात.

थोडं दुखलं तर चालेल. व्यायामानंतरचं वाढीव दुखणं दोन तासांहून जास्त टिकलं तर उद्या थोडं कमी करायचं, बंद नाही.

इथे मात्र थांबा
सांधा अचानक लाल, गरम होऊन टम्म सुजला, सोबत ताप आला, तर व्यायाम बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. तरुण मुलाची कंबर तीन महिन्यांहून जास्त दुखतेय, पहाटे दुखण्याने जाग येते आणि विश्रांतीने नाही तर हालचालीने बरं वाटतं, तर हा मणक्याचा संधिवात असू शकतो. त्यालाही तपासणी हवीच.

एक काम वाचकांकडे सोपवतो. सोंगणीच्या दिवसांत संध्याकाळी घरी आलेली माय ओट्याला हात टेकून उठते, तेव्हा तिच्या हातातलं ओझं घ्या, दोन दिवस तिला नीट विश्रांती घेऊ द्या. तिसऱ्या दिवशी "बसून राय" म्हणू नका. चपला तिच्यासमोर ठेवा आणि म्हणा, "चाल माय, फाट्यापर्यंत जाऊन येऊ." तिच्या चालीने चाला. वाटेत ती बोलत राहील, आणि बोलता येतंय म्हणजे गती बरोबर आहे.